ज्युबिली आणि आपली वाडी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या शेतकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा आठवडा आनंदाचा आहे. मंदिर सजलें आहे, सासरीं गेलेल्या मुली आणि परदेशीं गेलेलीं मुलें घरीं आलीं आहेत, आणि पूर्वजांच्या श्रद्धेचें व श्रमाचें स्मरण वेदीसमोर कृतज्ञतेनें झालें आहे. या कार्यक्रमांत एक तास शेतकऱ्यांच्या वाट्यास आला आहे. शेतीच्या चालू वार्ता आणि येत्या सालांतील कार्यें एकत्र करून आपणांपुढें मांडावीं, असें काम आम्हांवर सोंपविण्यांत आलें आहे. आम्ही कोणी पंडित नाहीं. याच मातींत पाय रोवून उभे असलेल्यांपैकींच आहों. म्हणून जें आपल्या वसईच्या वाडीस उपयोगी, तेवढेंच बोलूं.

प्रथम ज्युबिली या शब्दाविषयीं थोडें सांगतों. हा शब्द आपण आनंदाच्या अर्थानें वापरतों. त्याचें मूळ मात्र शेतीच्या कायद्यांत आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएली लोकांस असा नियम घालून दिला आहे कीं, सहा वर्षें शेत पेरावें व सातव्या वर्षीं भूमीस विसावा द्यावा. अशीं सात सप्तकें भरलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून ज्युबिली पुकारावी. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई, आणि दारिद्र्यामुळें दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं येई. जमिनीची किंमतही पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें निघतील यावरून ठरे. अर्थात् घेणारा जमीन घेत नसे, तेवढीं पिकें घेत असे. या सर्वांच्या मुळाशीं एकच तत्त्व होतें: भूमीचा धनी परमेश्वर, आणि मनुष्य केवळ तिजवरील कूळ. हें तत्त्व मनांत धरून आपण आपल्या वाडीकडे पाहूं. कुळानें धन्याची जमीन कशा स्थितींत पुढच्याच्या हातीं द्यावी, हा आजच्या सभेचा खरा प्रश्न आहे.

पहिली वार्ता पावसाची. २०२५ सालीं पावसाळा मुंबईस २६ मे रोजीं येऊन पोंचला. तेथें त्याच्या येण्याची नेहमींची तारीख ११ जून धरतात. म्हणजे तो पंधरवडाभर आधीं आला, आणि इतक्या लवकर आल्याची नोंद हवामानखात्याच्या दप्तरीं पूर्वीं नव्हती. मे महिना हा आपल्याकडे सुकवणीचा आणि साठवणीचा महिना. पेंढा रचावयाचा, लाकूडफांटा आंत घ्यावयाचा, घर शाकारावयाचें, राब भाजावयाचे, विहीर उपसावयाची, हीं सर्व कामें मृग नक्षत्राच्या भरंवशावर आपण शेवटच्या आठवड्यांवर टाकीत असूं. तो भरंवसा आतां उरलेला नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते नांवाचें वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां घड धरलेल्या केळी आडव्या झाल्या; तेंही मृगापूर्वींच. आणि जुलै २०१८ मध्यें वसईंत पाणी तुंबून राहिलें, घरेंदारें व आगगाडीचे रूळ पाण्याखालीं गेले, हें येथें बसलेल्या कोणाच्याही विस्मरणांत गेलें नसेल. पाऊस मोठा होता खरा, परंतु पूर्वीं तें पाणी ज्या सखल शेतांत पसरे आणि ज्या नाल्यांनीं खाडीस जाई, ते मार्ग मातीच्या भरावानें अडले होते, हेंही तितकेंच खरें. यास्तव आमची पहिली सूचना अशी कीं, पावसाळी तयारीची शेवटची तारीख यापुढें १५ मे समजावी. त्या दिवशीं शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण असतो. त्याविषयीं पुढें बोलूं.

आतां दुसरी वार्ता, आणि ती सर्वांत महत्त्वाची: पाणी.

आपली वाडी ही समुद्रकांठची रेताड जमीन. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. तिन्ही बाजूंनीं खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या या पट्टींत विहिरीला गोडें पाणी लागतें, हेंच मुळीं एक आश्चर्य आहे, आणि त्याचें कारण प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेतलें पाहिजे. पावसाचें पाणी वाळूंतून खालीं झिरपतें. खारें पाणी गोड्या पाण्याहून जड असल्यामुळें तें खालीं राहतें आणि गोडें पाणी त्याच्यावर, ताकावर लोणी तरंगावें तसें, तरंगत राहतें. युरोपांतील दोन अभियंत्यांनीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं याचें गणित मांडलें आहे. त्याचा सारांश असा कीं, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर समुद्रसपाटीच्या खालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत गोडें पाणी टिकतें. हेंच गणित उलट वाचलें म्हणजे भय वाटावें असें आहे. उपसा करून ती वरची पातळी आपण एक फुटानें खालीं नेली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें चाळीस फूट वर चढूं शकतें. विहिरीचा तळ कोरडा पडण्याच्या कितीतरी आधीं विहीर खारट होते, आणि खारट झालेली विहीर गोडी व्हावयास एक पावसाळा पुरत नाहीं.

रहाटाच्या दिवसांत हा धोका नव्हता. रेडा किंवा बैल फिरे, लोटे भरून येत, पाटाला बारीक धार लागे. जनावर थकलें कीं उपसा थांबे, आणि तेवढ्या वेळांत झरे विहीर पुन्हा भरून काढीत. इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर ती नैसर्गिक मर्यादा संपली. त्यानंतर वस्ती वाढली आणि विहिरीच्या पाण्यास गिऱ्हाईक आलें. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या विहिरींचें पाणी टँकरांत भरून इमारतींच्या बांधकामांस आणि नव्या वसाहतींस जाऊं लागलें, आणि शेजारच्या वाडींतील शेतकरी आपल्या विहिरीचें पाणी चाखून पाहूं लागला. त्या काळीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें लोकांस जागें केलें. धर्म, जात, पक्ष यांचा भेद बाजूस ठेवून हजारों माणसें पाण्याकरितां आणि झाडांकरितां रस्त्यावर आलीं. फादर पुढें उस्मानाबाद येथें जानेवारी २०२० मध्यें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. त्यांचें खरें स्मारक कोणतें म्हणून कोणी विचारील, तर आम्ही म्हणूं कीं, जी विहीर अजून गोडी आहे ती.

शहरास पाणी नको असें आमचें म्हणणें नाहीं. तहानलेल्यास पाणी देणें हें दयेचें कृत्य आहे, हें आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकलों आहों. वसई-विरार शहरास सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथील धरणांचें पाणी मिळतें. डोंगरांत अडविलेलें पाणी शहरानें घ्यावें हें योग्य आहे. परंतु वाळूखालचा हा पातळ थर धंद्यासाठीं उपसणें म्हणजे दान नव्हे. त्यांत देणाऱ्याचें एकट्याचें पाणी जात नाहीं, शेजाऱ्याचेंही जातें, कारण विहिरीस कठडा असला तरी झऱ्यास कुंपण नसतें. ज्या वाडींत केळीच्या पानांच्या कडा करपूं लागल्या आहेत, डाळ शिजेनाशी झाली आहे, साबणास फेस येईनासा झाला आहे, तेथें समुद्र आंत आला असें समजावें.

मग उपाय कोणता? तो आपल्या पूर्वजांनीं आपल्याच दाराशीं करून ठेवला आहे. तो म्हणजे बावखल. आज लहान मुलांस हा शब्द समजावून सांगावा लागतो, याचें आम्हांस वाईट वाटतें. वाडींत सखल जागीं खणलेलें हें तळें. त्याची माती घराच्या जोत्यास व बागेच्या भरावास उपयोगी पडे, आणि खणलेल्या जागीं पावसाळ्याचें पाणी सांठून तें हळूहळू आजूबाजूच्या विहिरींत उतरे. कांठावर रहाट, पाण्यांत मासे, उतारावर अळू, आणि सायंकाळीं पाण्यावर आलेलीं गुरें, असें तें चित्र होतें. पाणी नळानें येऊं लागल्यावर बावखल ही अडचण वाटूं लागली. कोणी त्यांत केरकचरा लोटला, कोणी तें बुजवून त्यावर घर बांधलें. बुजविलेल्या प्रत्येक बावखलाबरोबर चार विहिरींचा पुरवठा तुटला, आणि जोराच्या पावसांत जें पाणी तेथें विसावत असे तें आपल्याच उंबऱ्यांतून आंत शिरूं लागलें.

येथें थोडा हिशेब करूं. आपल्याकडे पाऊस वर्षास सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांच्या घरांत पडतो. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या मानानें एक एकर वाडीवर एका पावसाळ्यांत सुमारें ऐंशीं लाख लिटर पाणी पडतें. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला, तर हे आठशें टँकर झाले. दहा गुंठे जमीन असलेल्या गरीब विधवेच्या वाडींतही परमेश्वर दरसाल दोनशें टँकर आणून ओततो. हजार चौरस फुटांच्या छपरावरूनच सुमारें एक लाख ऐंशीं हजार लिटर पाणी अंगणांत उतरतें. एवढें धन दारीं येतें, आणि आपण त्याला फरसबंदी अंगणावरून गटारांत व गटारांतून खाडींत घालवितों.

आनंदाची वार्ता ही कीं, अलीकडच्या वर्षांत वसईंतील कांहीं तरुण मंडळींनीं सुट्टीच्या दिवशीं फावडीं-घमेलीं हातीं घेऊन जुन्या बावखलांतील गाळ व जलपर्णी काढण्याचें काम आरंभिलें आहे. आपल्या धर्मग्रामानेंही ज्युबिलीचें स्मारक म्हणून हेंच काम घ्यावें, असें आम्ही आग्रहपूर्वक सुचवितों. संगमरवरी पाटी कोणी वाचतो, कोणी वाचीत नाहीं. गोडें पाणी सर्वांस समजतें. योजना साधी आहे. प्रत्येक आळीनें आपल्या हद्दींतील बावखलांची यादी करावी: कोणतें जिवंत आहे, कोणतें अर्धें बुजलें आहे, मालक कोण आहेत. ज्यांची संमति मिळेल त्यांचें बावखल एप्रिल-मे महिन्यांत साफ करावें. निघालेला गाळ टाकून देऊं नये. तो केळीच्या आणि फुलझाडांच्या आळ्यांत घालावा. ज्यांच्याकडे बावखल नाहीं त्यांनीं छपराचें पाणी वाळू व खडी यांच्या गाळणींतून विहिरींत सोडावें. आणि प्रत्येक घरानें महिन्याच्या पहिल्या तारखेस दोरीला खूण करून विहिरीची पातळी मोजावी व एका वहींत लिहून ठेवावी. पांच वर्षांच्या अशा वह्या एकत्र केल्या, म्हणजे कोणत्याही कचेरींत आपणांस ओरडून बोलावें लागणार नाहीं, वह्याच बोलतील.

तिसरी वार्ता पिकांची आणि बाजाराची. वसईची कीर्ति केळ्यांनीं झाली. राजेळी, मुठेळी, वेलची, बसराई हीं नांवें आपल्या आज्यांच्या तोंडीं पोटच्या लेंकरांच्या नांवांसारखीं असत. राजेळी केळीं पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हांत सुकवून केलेलीं सुकेळीं ही आगाशी व आजूबाजूच्या गांवांची खास वस्तु. तींत साखर घालावी लागत नाहीं, औषध घालावें लागत नाहीं. ऊन, स्वच्छता आणि धीर एवढेंच भांडवल. आज सुकेळीं मागणारे पुष्कळ आणि करणारे थोडे आहेत, कारण राजेळीच्या बागा रोगानें आणि विक्रीनें कमी झाल्या. ज्यांच्याकडे राजेळीचे चांगले, निरोगी मुनवे उरले असतील, त्यांनीं ते आधीं शेजाऱ्यांस द्यावे. एकाच्या वाडींत जपलेलें बियाणें एका वादळानें नष्ट होतें. दहांच्या वाडींत पसरलेलें टिकतें.

फुलांची गोष्ट अधिक आशादायक आहे. मोगरा, सोनचाफा, जाई, तगर यांस मुंबईंत बाराही महिने गिऱ्हाईक आहे, आणि दहा गुंठ्यांतही एका कुटुंबाचा खर्च बराचसा निघूं शकतो. वसईवरून आगगाडी १८६४ सालीं धांवूं लागली आणि १९३६ सालीं विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. तेव्हांपासून पहांटेच्या गाडीनें दूध, भाजी, पानें आणि फुलें यांच्या टोपल्या मुंबईस जात आल्या आहेत. मुंबईच्या कित्येक घरांत ‘वसईवाला’ हें भाजीवाल्याचें नांवच होऊन बसलें. परंतु दादरच्या बाजारांत प्रत्येकानें आपली टोपली एकट्यानें नेऊन दलालाच्या पुढें ठेवावी आणि तो सांगेल तो भाव घ्यावा, ही रीत किती दिवस चालवावयाची? आपल्या पूर्वजांनीं १९१८ सालीं, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें, बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. तिचीच पुढें मोठी बँक झाली. तेव्हां ना शिक्षण होतें, ना भांडवल; सावकाराच्या पाशांतून सुटण्याची इच्छा होती आणि परस्परांवर विश्वास होता. आजच्या कायद्यानें दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापूं शकतात. दहा माणसें या धर्मग्रामांत सांपडूं नयेत, असें आम्हांस वाटत नाहीं. फुलें एकत्र मोजून एका गाडीनें पाठविणें आणि सुकेळीं एका नांवानें, एका प्रतीचीं विकणें, येथून आरंभ करावा. रोपें, रोग व माती-पाणी तपासणी यांविषयीं पालघर जिल्ह्यांत कोसबाड येथें कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि दापोलीस १९७२ सालीं स्थापन झालेलें कोंकण कृषि विद्यापीठ आहे. तेथील जाणकारांचा सल्ला मागावयास संकोच करूं नये. तो आपल्याकरितांच आहे.

चौथी वार्ता आमच्या आयाबहिणींविषयींची आहे, आणि पुरुष मंडळींनीं ती विशेष लक्ष देऊन ऐकावी. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष शेतकरी स्त्रियांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. आतां आपल्या वाडींत पाहूं. पहांटे उठून मोगऱ्याच्या कळ्या कोण खुडतें? आवणीस चिखलांत वांकून कोण उभें राहतें? डोक्यावर टोपली घेऊन गाडी कोण गाठतें? आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांव कोणाचें असतें? जिचें नांव उताऱ्यावर नाहीं ती सरकारच्या लेखीं शेतकरीच नाहीं. तिला पीककर्ज नाहीं, नुकसानभरपाई नाहीं, आणि नवरा गेल्यावर वाडी विकावयाची कीं राखावयाची, या विचारांत तिला कोणी विचारीतही नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो तें स्पष्ट सांगतों, कारण पुष्कळ घरांत तें ठाऊक नाहीं. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करितां पुरुष मरण पावला आणि त्याच्या मागें पत्नी व मुलें असलीं, तर एक-तृतीयांश हिस्सा पत्नीचा. बाकीचे दोन भाग मुलांत सारखे वांटावयाचे, आणि त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. मग मुलींचीं नांवें उताऱ्यावर कां दिसत नाहींत? कारण वडिलांचा मासिक विधी होतो न होतो तोंच हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढें येतो, आणि माहेर तुटेल या भीतीनें ती सही करून जाते. प्रेमानें, समजून-उमजून दिलेला हक्क ही थोर गोष्ट आहे; परंतु भीतीनें सोडलेला हक्क हा तिच्या हातून घेतलेला हक्क होय. पुष्कळदां असेंही पाहण्यांत येतें कीं, बहिणीची सही घेतली ती वाडी राखण्याकरितां म्हणून, आणि वर्षभरांत ती वाडी विकासकाच्या हातीं गेली. ज्या बहिणीनें लहानपणीं त्या झाडांस पाणी घातलें, तिला ती बातमी शेजाऱ्यांकडून कळली.

यास उपाय आहे. पतीनें आपल्या हयातींत पत्नीचें नांव सहधारक म्हणून उताऱ्यावर लावावें, याकरितां महाराष्ट्रांत १९९२ पासून ‘लक्ष्मी मुक्ति’ नांवाची योजना आहे. तिचा लाभ घेणें ही ज्युबिलीची भेट म्हणून प्रत्येक गृहस्थानें मनावर घ्यावी. दागिना चोरीस जातो, साडी विरते. उताऱ्यावरील नांव टिकतें. शिवाय ज्यांच्या घरीं वडील किंवा आजोबा वारल्यावर वारसनोंदच झालेली नाहीं, त्यांनीं ती आतां करून घ्यावी. २०२५ पासून सरकारी शेतीयोजनांकरितां शेतकरी ओळख क्रमांक लागूं लागला आहे, आणि मृत माणसाच्या नांवावर असलेल्या जमिनीस तो मिळावा कसा? ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली आहे. आपलें पीक आपणच मोबाईलवर नोंदवावयाचें असतें. हें काम ज्यांस जमत नाहीं, त्यांस आपल्या महाविद्यालयीन मुलांनीं घरोघर जाऊन मदत करावी. पडीक म्हणून नोंदलेली जमीन वाचविणें कठीण जातें; पिकाखालीं नोंदलेल्या जमिनीच्या बाजूनें बोलतां येतें.

जमीनविक्रीविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. कोणी मुलीच्या लग्नाकरितां, कोणी आजारपणाकरितां, कोणी मुलांच्या शिक्षणाकरितां जमीन विकली. त्यांस दोष देण्याकरितां आम्ही येथें उभे नाहीं. गरज काय असते हें ज्याचें त्यास ठाऊक. परंतु लेवीय ग्रंथाच्या त्याच अध्यायांत आणखी एक नियम आहे. बंधु दारिद्र्यामुळें आपली जमीन विकूं लागला, तर त्याच्या जवळच्या आप्तानें पुढें होऊन ती सोडवावी. म्हणजे विकणाऱ्याची जबाबदारी जितकी, तितकीच शेजाऱ्याची व भावाची. वाडी विकण्याची वेळ आली तर आधीं भावाबहिणीस, मग शेजारच्या शेतकऱ्यास विचारावें, आणि विचारलेल्यानेंही अडलेल्याची अडचण पाहून भाव पाडूं नये. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत व वाडी ओसाड पडली आहे, त्यांनीं ती कष्टाळू शेजाऱ्यास कसावयास द्यावी. कुळाच्या कायद्याची भीति वाटत असेल तर वकिलाच्या सल्ल्यानें लेखी ठरवावें. ओसाड वाडीवर गिऱ्हाइकाची नजर पहिली जाते.

आतां येत्या सालांतील कार्यें क्रमानें सांगतों. कृपा करून घरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवावी.

२२ मार्च हा जागतिक जलदिन. त्या आठवड्यांत आळीवार विहिरींची व बावखलांची यादी पुरी करावी.

एप्रिल व मे महिन्यांत बावखलांची सफाई. दर रविवारीं मिस्सेनंतर दोन तास, प्रत्येक घरांतून एक माणूस.

१५ मे, संत इसिदोर याचा सण. हा संत माद्रिद शहराजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा साधा शेतमजूर होता. तो बाराव्या शतकांत वारला आणि १६२२ सालीं, संत इग्नाती व संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच दिवशीं, त्याला संतपद मिळालें. ज्याच्या नांवावर एक वावही जमीन नव्हती त्याला ख्रिस्तसभेनें सर्व शेतकऱ्यांचा आश्रयदाता केलें. त्या दिवशीं बियाणें व अवजारें मंदिरांत आणून त्यांस आशीर्वाद मागावा, आणि पावसाळी तयारी तेथेंच संपल्याचें समजावें.

ऑगस्टपासून खरीपाची पीकनोंदणी. ती शेवटच्या आठवड्यावर टाकूं नये.

१ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस याच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीसाठीं प्रार्थनेचा काळ पाळते. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं आपल्या परिपत्रकांत पृथ्वीस आपल्या सर्वांचें एकच घर म्हटलें आहे. या काळांत ९ सप्टेंबर येतो. तो इसिदोराची पत्नी धन्य मारिया हिचा दिवस. पतीबरोबर शेतांत राबलेल्या या स्त्रीची स्पेन देशांत आजही आठवण करितात. त्या दिवशीं उताऱ्यांवरील नांवांविषयीं मार्गदर्शनाची सभा ठेवावी, आणि ती स्त्रियांनींच चालवावी.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वेदीजवळ ठेवण्याची ही आपली जुनी चाल. यंदा लोंब्यांबरोबर मोगऱ्याच्या कळ्या, केळीचा घड आणि सफाई झालेल्या प्रत्येक बावखलाच्या पाण्याचा एकेक तांब्या आणावा. १५ ऑक्टोबर हा ग्रामीण स्त्रियांचा दिवस आणि १६ ऑक्टोबर हा जागतिक अन्नदिन, हेही त्याच पंधरवड्यांत येतात.

दिवाळीनंतर ऊन कडक झालें म्हणजे सुकेळीं करण्याचें शिक्षण. जाणत्या आज्यांनीं शिकवावें व तरुण सुनांनीं आणि मुलांनींही शिकावें. ५ डिसेंबर हा जागतिक मृदादिन. त्या सुमारास मातीचे नमुने तपासणीस पाठवावे. आणि नाताळांत, वर्षभराच्या विहिरींच्या वह्या एकत्र वाचून पाहाव्या.

बंधुभगिनींनो, कार्यक्रम लांबलचक वाटेल. परंतु त्यांत एकही गोष्ट अशी नाहीं कीं जी करावयास मोठा पैसा किंवा मोठा माणूस लागेल. फावडें, वही, दोरी आणि एक सही, एवढ्यांतच बहुतेक सामग्री येते. पुढच्या ज्युबिलीस आपल्यांतील बरेच जण नसतील. त्या वेळीं जीं मुलें या सभामंडपांत बसतील, त्यांना आपलीं नांवें कदाचित् आठवणार नाहींत. परंतु त्यांच्या विहिरीचें पाणी गोडें असलें, त्यांच्या आईचें व बहिणीचें नांव उताऱ्यावर असलें, आणि पावसांत त्यांच्या दाराशीं पाणी न तुंबतां बावखलांत उतरलें, तर आपण धन्याची जमीन नीट राखून परत केली असें म्हणतां येईल.

ज्या परमेश्वरानें पूर्वजांच्या घामास पीक दिलें, तो आपल्या वाड्यांस वेळेवर पाऊस, आपल्या हातांस बळ आणि आपल्या मनांस एकी देवो, ही आमची प्रार्थना.